रफ कटच्या पुढचे पैसे

लघुपट सहसा शूटिंगच्या वेळी अर्धवट राहत नाही. कॅमेरा भाड्याने आणलेला असतो, मित्र रजा टाकून आलेले असतात, ज्यांच्या वाड्यात शूटिंग त्या मावशींनी सगळ्या युनिटच्या भाकऱ्या थापायचं कबूल केलेलं असतं. या सगळ्याच्या रेट्याने शूटिंग पार पडतं. घोडं अडतं ते त्यानंतर. सगळं फुटेज हार्ड डिस्कवर आहे, रफ कट लागलाय, पाहणाऱ्याला गोष्ट कळते, आवडतेही. पण आवाज कच्चा, रंग एका शॉटमध्ये एक आणि दुसऱ्यात दुसरे, सबटायटल नाहीत, आणि पैसे संपलेत. पुण्या-कोल्हापुरात, नगर-नांदेडला, मडगाव-फोंड्यात असे लघुपट कपाटात पडून आहेत. त्यातले काही मी पाहिलेत. ते अपुरे राहिले ते गोष्टीत दम नव्हता म्हणून नाही.

हा शेवटचा टप्पा पुरा करायला पैसे कुठून येतात, पूर्वी कसे आले आणि आज मराठी लघुपटवाल्याने कुठली दारं ठोठावावीत, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो. सुरुवातीच्या पैशांपेक्षा शेवटचे पैसे मागणं सोपं असतं, कारण तेव्हा दाखवायला काहीतरी हातात असतं. तरीही आपली मंडळी तिथेच अडकतात, कारण हा खर्च त्यांनी मुळात धरलेलाच नसतो.

दाखवायला काही असण्याची ताकद केवढी, हे दादासाहेब फाळक्यांनी पहिल्याच फटक्यात सिद्ध केलं होतं. 1912 मध्ये ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले, पण पूर्ण चित्रपटासाठी भांडवल द्यायला कुणी तयार होईना. मग त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि त्याच्या वाढीची थोडी थोडी चित्रं घेत ‘अंकुराची वाढ’ हा चिमुकला चित्रपट तयार केला. तो निवडक लोकांना दाखवल्यावर कर्ज उभं राहिलं. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही त्यात गेले, आणि 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. भारतीय चित्रपटाला पैसा पुरवणारा सावकार पटला तो एका लघुपटामुळे, हे आज लघुपट करणाऱ्या प्रत्येकाने अभिमानाने ध्यानात ठेवावं.

सत्यजित राय यांची ‘पथेर पांचाली’ची कथा लोकांना माहीत असते ती विम्याच्या आणि बायकोच्या गहाण दागिन्यांच्या रूपात. माझ्या दृष्टीने महत्त्वाचा भाग वेगळा आहे. पैसे संपल्याने काम महिनोन्‌महिने थांबलं होतं, तेव्हा राय झालेलं चित्रण जुळवून लोकांना दाखवत राहिले. ज्यांनी कागदावरची कल्पना ऐकून मान हलवली असती, त्यांना तुकडे का होईना, पण चित्र पाहायला मिळालं. पुढे विधानचंद्र रॉय यांच्या पश्चिम बंगाल सरकारने पैसा दिला, दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांनी अपुरं चित्रण पाहून न्यूयॉर्कला शिफारस केली, आणि तिथल्या मॉडर्न आर्टच्या संग्रहालयातला 1955 चा खेळ ठरल्यामुळे काम संपवायची तारीखही ठरून गेली. पैसा आणि तारीख दोन्ही अपुऱ्या चित्रणातून आले. कोल्हापूरची परंपराही विसरायला नको. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीमागे गायिका तानीबाई कागलकर उभ्या राहिल्या, आणि 1929 मध्ये ‘प्रभात’ निघाली तेव्हा पाच भागीदारांत सीताराम कुलकर्णी हे सराफ होते. ओळखीतल्या, गावातल्या माणसाने कलाकाराच्या कामावर भरवसा ठेवून रक्कम घालणं हे आपल्याकडे नवं नाही.

आता हा शेवटचा खर्च नेमका कशावर होतो ते पाहू, कारण तो नीट सांगता आला नाही तर मागताही येत नाही.

सगळ्यात जास्त गोची होते ती आवाजात. शेतातल्या घरात एक प्रसंग घेतलाय असं समजा. आजी ओट्यावर बसून नातवाशी बोलते. पहिल्या शॉटच्या वेळी विहिरीवरची मोटर चालू होती, दुसऱ्या शॉटला लाइट गेली म्हणून बंद पडली. डोळ्याला दोन्ही शॉट एकसलग दिसतात, पण कानाला प्रत्येक कटवर धक्का बसतो. ध्वनी संकलक तो धक्का मिटवतो त्या जागेची शांतता मागे पसरून. शूटिंगच्या वेळी सगळ्यांना गप्प बसवून अर्धा-एक मिनिट नुसती त्या ओट्याची शांतता रेकॉर्ड केलेली असेल तर हे काम दुपारभरात होतं. घाईत ती घ्यायची राहिली असेल तर दोन संवादांच्या मधल्या श्वासांतून कणाकणाने ती गोळा करावी लागते. डबिंग करावं म्हटलं तर आजी नटी नाही. त्या सत्तरीच्या बाईंना मुंबईच्या बंद खोलीत हेडफोन लावून आपल्याच ओठांवर तेच वाक्य पुन्हा बसवायला सांगणं म्हणजे त्या वाक्यातला जीव घालवणं. म्हणून साफसफाई हाच मार्ग उरतो. त्यावर फोलीचं काम येतं. बांगड्यांची किणकिण, चपलेची फरफट, परातीत भाकरी थापल्याचा आवाज हे सगळं स्टुडिओत पुन्हा करून घ्यायचं. मग मिक्सिंग. हे काम तासांवर आणि शिफ्टवर मोजलं जातं, आणि शिफ्टचे पैसे रोख लागतात.

बाकीचं त्या मानाने आटोपशीर. रंगांचं काम म्हणजे डीआय, सबटायटल, थिएटरात दाखवण्यासाठी डीसीपी ही डिजिटल प्रत, महोत्सवांच्या प्रवेशिका, ज्यांची फी अनेकदा डॉलरमध्ये भरावी लागते. एक खड्डा मात्र अनेकांना दिसत नाही, तो गाण्याचा. प्रसंगात रेडिओवर जुनं गाणं वाजत असतं, ते छान वाटतं म्हणून ठेवलं जातं. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं चालतो, आणि गीतकार-संगीतकारांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. त्यामुळे तबकडी जुनी झाली तरी गाणं मोकळं झालेलं नसतं. परवानगीचे पैसे परवडणार नसतील तर ते गाणं रफ कटमधूनच काढावं. महोत्सवात निवड झाल्यावर काढायची वेळ आली तर मिक्सिंगच पुन्हा करावं लागतं.

पैसे मागण्याआधी एक गोष्ट फुकट करता येते, आणि ती कुणी मनापासून करत नाही. लघुपट आणखी लहान करायचा. 28 मिनिटांचा कट 15 मिनिटांवर आणला तर आवाज, रंग, सबटायटल या सगळ्यांचं बिल जवळजवळ निम्म्यावर येतं. शिवाय दारं वाढतात. कानच्या लघुपट स्पर्धेची मर्यादा 15 मिनिटं आहे, बर्लिनालेच्या लघुपट विभागाची 30. ऑस्करच्या व्याख्येत 40 मिनिटांपर्यंतचा तो लघुपट, पण इतका लांब लघुपट महोत्सवाच्या खेळात बसवणं आयोजकाला जड जातं. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक अडकलेल्या लघुपटांना पैशांच्या आधी कात्रीची गरज होती.

आता मुख्य प्रश्न. पैसे देतं कोण?

खरं उत्तर असं की मराठी लघुपटाचा सगळ्यात मोठा निर्माता आहे तंत्रज्ञ. तो अर्ध्या दरात किंवा ‘नंतर बघू’ या शब्दावर काम करतो. संकलक रात्री आपलं नोकरीचं काम संपवून बसतो, साउंडवाला मालिकेच्या दोन शिफ्टमध्ये वेळ काढतो. याला आपण मैत्री म्हणतो आणि ती असतेही. पण पदरमोड दिग्दर्शकाची एकदाच होते. संकलकाची आणि साउंडवाल्याची दर लघुपटाला होते, कारण त्यांच्याकडे असे मित्र बरेच असतात. मला हे सहन होत नाही. त्यांच्या मानधनाचा आकडा बजेटमध्ये लिहिलेलाच नसेल तर बाहेरून कितीही पैसे आले तरी ते त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत, प्रवासात आणि पोस्टरमध्ये जातात. म्हणून माझा आग्रह आहे की हाती असलेल्या रकमेचा निदान तिसरा हिस्सा शूटिंगआधीच वेगळ्या खात्यात टाकावा, आणि ते खातं दिग्दर्शकाच्या हातात नसावं.

लोकवर्गणीचं नाव काढलं की लगेच ‘मंथन’ आठवतो. 1976 च्या त्या चित्रपटासाठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले, आणि श्याम बेनेगलांच्या हाती दहा लाख आले. 2024 मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दुरुस्त केलेली त्याची प्रत कानला दाखवली गेली, तेव्हा ही गोष्ट पुन्हा सगळीकडे सांगितली गेली. पण सांगताना एक मुद्दा हरवतो. त्या पाच लाख लोकांकडे कुणी झोळी घेऊन गेलं नव्हतं. गावोगाव दूध गोळा करणारी आणि त्याचे पैसे चुकते करणारी सहकारी यंत्रणा आधीच उभी होती. दोन रुपये त्या पैशांतून वळते झाले. लोकवर्गणीला आधीपासून एकत्र आलेले लोक लागतात. ते लघुपटासाठी नव्याने जमवायला गेलं तर दमछाक होते. गावातला दूध संघ, शाळेचा माजी विद्यार्थी संघ, बँकेची कर्मचारी संघटना, वाचनालय, एखादं जुनं गणेश मंडळ हे आपल्याकडचे जमलेले लोक. लघुपटाचा विषय यांच्यापैकी कुणाच्या आयुष्याला भिडतो, हा प्रश्न आधी विचारावा.

केरळात दिग्दर्शक जॉन अब्राहम यांच्या ओडेसा गटाने याच्या उलट टोकाचा मार्ग चोखाळला. 1984 पासून हे लोक 16 एमएमचा प्रोजेक्टर घेऊन गावोगाव हिंडले, चॅप्लिनचा ‘द किड’ दाखवला आणि प्रेक्षकांकडून पैसे गोळा केले. त्यातून 1986 मध्ये ‘अम्मा अरियान’ झाला. लोकांनी आधी सिनेमा पाहिला, मग सिनेमासाठी दिलं. हा मार्ग कष्टाचा आहे, पण महाराष्ट्राच्या मातीला परका नाही. मदतीसाठी नाटकाचा प्रयोग लावणं आपल्याला चांगलं ठाऊक आहे. 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले ‘संयुक्त मानापमान’मध्ये एकत्र उभे राहिले होते. आज एखाद्या तालुक्याच्या सभागृहात आधीचे दोन-तीन पूर्ण लघुपट आणि शेवटी आपला रफ कट असा खेळ लावता येतो. तिकिटाऐवजी वर्गणीची पावती. मात्र रफ कटच्या आधी दोन शब्द सांगावे लागतात. आवाज कच्चा आहे, आणि तोच पक्का करण्यासाठी आपण जमलो आहोत. एकदा हे कळलं की प्रेक्षक त्या कच्च्या आवाजाकडे वेगळ्या कानाने बघतात. मोटरचा आवाज ऐकून त्यांना स्वतःलाच कळतं की पैसे कशाला हवेत.

इंटरनेटवरच्या निधी-उभारणीचं आकर्षण मोठं आहे, पण त्यातले आकडे नीट वाचायला हवेत. कन्नड ‘लुसिया’साठी पवन कुमार यांनी 27 दिवसांत सुमारे 51 लाख जमवले, हे सगळे सांगतात. देणारे होते 110 जण. म्हणजे सरासरी एकेकाने पंचेचाळीस हजारांच्या वर घातले. ही गर्दी नव्हे, हा विश्वास ठेवणाऱ्यांचा छोटा गोतावळा होता, आणि पवन कुमार यांचा आधीचा चित्रपट त्याने पाहिलेला होता. ओनीर यांच्या ‘आय अ‍ॅम’मागेही असेच शेकडो लोक होते. संस्कृतमधला ‘पुण्यकोटी’ हा अ‍ॅनिमेशनपट मुंबईच्या विशबेरीवरून पैसे उभे करून पुढे नेटफ्लिक्सवर पोचला. विशबेरीसारख्या ठिकाणी ठरलेली रक्कम पूर्ण जमली तरच पैसे हाती येण्याची अट असे, म्हणून आकडा सावधपणे लावावा लागे. किकस्टार्टरवर भारतात राहणाऱ्याला थेट मोहीम लावता येत नाही. अमेरिकेतल्या नातलगाच्या नावाने लावण्याची शक्कल काही जण लढवतात, पण कर आणि परकीय पैशांचे कायदे पाहता ती महागात पडू शकते.

कायद्याचं थोडक्यात, कारण यात माणसं फार फसतात. नातलग नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेल्या भेटीची एकूण रक्कम 50,000 रुपयांच्या वर गेली तर ती करपात्र उत्पन्न धरली जाते. म्हणून पैसे स्वतःच्या बचत खात्यात घेण्याआधी सनदी लेखापालाकडे जावं. नफ्यातला वाटा देतो असं जाहीर आवाहन करून पैसे घेऊ नयेत. खासगी कंपनीलासुद्धा वर्षाला 200 पेक्षा जास्त जणांना तसा प्रस्ताव देता येत नाही. आणि लघुपटाला नफा होतो कुठे? परदेशातल्या मराठी माणसांकडे मदत मागताना एक फरक कळला पाहिजे. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. पण ज्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं त्याचे पैसे, ओसीआय कार्ड असलं तरी, परकीय देणगी ठरतात, आणि ती घ्यायला परवानगी लागते. सॅन होजेतला मामेभाऊ आणि दुबईतला मावसभाऊ कायद्याला एकसारखे दिसत नाहीत.

आणि मागायचं कसं? मोबाइलवर फिरणारा नेहमीचा संदेश असतो ‘आमच्या स्वप्नाला हातभार लावा’. त्यात रक्कम नाही, काम नाही, तारीख नाही. त्याऐवजी शाळेतल्या जुन्या सरांना असं लिहिता येतं: ‘सर, सा. न. आमच्या सतरा मिनिटांच्या लघुपटाचं संकलन पूर्ण झालंय. लिंक सोबत आहे, आवाज कच्चा आहे तो सांभाळून घ्यावा. आता फक्त ध्वनीचं काम उरलंय. मिक्सिंगच्या तीन शिफ्ट लागतील, त्यातली एक भरली आहे. उरलेल्यांपैकी एका शिफ्टचा निम्मा खर्च तुम्ही उचलू शकाल का? नाही जमलं तरी चित्रपट पाहून दोन शब्द जरूर कळवा.’ असं पत्र वाचणाऱ्याला आपले पैसे कुठे जाणार हे दिसतं, आणि नाही म्हणायची वाटही मोकळी राहते. ज्याने नाही म्हटलं तोसुद्धा पाहून फोन करतो.

संस्थांची दारं कमी आहेत आणि त्यातली बरीच लांब चित्रपटांसाठीच उघडतात. गोव्यात 2007 पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा (एनएफडीसी) फिल्म बाजार भरतो. तिथे अपुऱ्या चित्रपटांसाठी खास विभाग आहे, त्यात रफ कट जाणकारांना दाखवला जातो, सल्ला मिळतो, काही वेळा लॅबमध्ये काम करून मिळतं. याच धर्तीचं काहीतरी लघुपटांना हवं होतं, पण तो विभाग पूर्ण लांबीच्या कथापटांचा आहे. रॉटरडॅमच्या ह्यूबर्ट बाल्स निधीचंही तसंच. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स 1995 पासून अनुदानं देतं आणि मराठीतून लिहिलेला अर्जही स्वीकारतं, हे आपल्याकडे फारसं ठाऊक नाही. मात्र त्यांचा कल नव्या शोधाकडे असतो, अडलेलं काम सोडवण्याकडे नाही. 1948 पासून लघुपट आणि माहितीपटांचं सरकारी घर असलेलं फिल्म्स डिव्हिजन 2022 मध्ये एनएफडीसीत विलीन झालं. मोठ्या ब्रँडच्या वाहिन्या लघुपट दाखवतात, पण त्यांना ओळखीचे चेहरे हवे असतात. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीच्या यादीत कला आणि संस्कृती आहे, पण तो पैसा सहसा नोंदणीकृत संस्थेमार्फत येतो. म्हणून एखाद्या फिल्म सोसायटीशी किंवा न्यासाशी आधीपासून नातं असावं.

महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटांना दर्जानुसार अनुदान देतं, तेही पूर्ण लांबीच्या आणि पूर्ण झालेल्या. लघुपट या रचनेत बसत नाही. मराठी लघुपटाने या राज्याला काय दिलं ते पाहिलं की याचं वाईट वाटतं. नागराज मंजुळे यांनी नगरला शिकत असताना केलेल्या ‘पिस्तुल्या’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, उमेश कुलकर्णी यांच्या ‘गिरणी’लाही मिळाला, आणि त्यांचे पुढचे मराठी चित्रपट या वाटेनेच आले. 2004 मध्ये ‘श्वास’ ऑस्करला निघाला तेव्हा नाशिकच्या शाळकरी मुलांनी पणत्या करून विकल्या आणि पैसे पाठवले. मराठी माणूस सिनेमासाठी देतो, हे तेव्हा दिसलंच. पण ते दिलं सुवर्णकमळ मिळाल्यानंतर. सन्मानाआधी, कपाटातल्या हार्ड डिस्कसाठी, देण्याची सोय कुठेच नाही.

पुस्तकांसाठी मात्र ती आहे. 1960 मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखक अनुदान योजना चालवतं. हस्तलिखित पूर्ण आहे, लेखक नवा आहे, प्रकाशनाला पैसे नाहीत, तर जाणकार ते वाचतात आणि पसंत पडलं तर छपाईला मदत होते. रफ कट म्हणजे लघुपटाचं हस्तलिखितच. त्याच नमुन्यावर दरवर्षी थोड्या नवोदितांचे लघुपट पुरे करून देणारी योजना सुरू करायला नवा कायदा लागत नाही आणि रक्कमही मोठी लागत नाही. त्यातला बराच भाग रोखीऐवजी गोरेगावच्या चित्रनगरीतल्या आणि पुण्या-कोल्हापूरच्या स्टुडिओंमधल्या शिफ्टच्या रूपाने देता येईल. अर्जासोबत रफ कट, उरलेल्या कामांची यादी आणि तंत्रज्ञांच्या थकलेल्या मानधनाचा तक्ता मागवावा, आणि जी रक्कम रोख दिली जाईल तिचा पहिला हप्ता त्या थकबाकीत जावा.